परक्या आईला दिलेली माती

माणूस गोड बोलायला लागला की माझा हात आधी खिशाकडे जातो. ही सवय धंद्याने लावली. ठाण्यात माजिवड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत जुन्या इमारती पडतात. त्यांचे दरवाजे, खिडक्या, ग्रिल, बेसिन मी उचलतो आणि दिवा गावात नव्याने उभ्या राहणाऱ्या चाळींत विकतो. हातगाडीला एक दार बांधून सुरुवात केली होती, आज कल्याण-शीळ रस्त्याला स्वतःचं गोडाऊन आहे. इमारत पाडणारा मला फसवायला बघतो, दार घेणारा मला फसवायला बघतो, आणि मी दोघांच्या तोंडाकडे बघून ओळखतो की कोण कुठे दाबतोय. त्यामुळे अल्लाहच्या घरी जायचं ठरलं तेव्हाही माझ्या मनात भक्तीपेक्षा संशयच जास्त होता. टूरवाला हॉटेल जवळ म्हणतोय ते खरंच जवळ असेल का, इथपासून ते एवढं करून माझा उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, कबूल तरी होईल का, इथपर्यंत.

दुसऱ्या शंकेला कारण होतं. उमऱ्याला किंवा हजला निघणाऱ्याने आधी घरोघर जाऊन नातेवाईक, शेजारी, ज्यांच्याशी देणंघेणं, बोलणंचालणं झालं असेल त्या सगळ्यांची माफी मागायची, अशी आमच्यात पद्धत आहे. "बोललेलं-चाललेलं माफ करा" एवढंच म्हणायचं असतं. मी सगळीकडे गेलो. दिव्याच्या चाळीत कांबळ्यांकडेसुद्धा गेलो, ते माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पाणी दिलं, हात जोडले आणि म्हणाले, "शेठ, तुम्हाला सगळं माफ. फक्त त्या संडासाच्या दाराची बिजागरी तेवढी बदलून द्या, मग अगदी मनापासून माफ." मी हसलो आणि बिजागरी बदलून दिली. पण कल्याणातल्या एका घरी मी गेलो नाही. ते माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं घर.

काही वर्षांपूर्वी अम्मा गेली तेव्हा मी वसईकडून एका बंगल्याचे सागवानी दरवाजे टेम्पोत भरून येत होतो. भाईचा फोन आला. आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत, शक्य तितक्या लवकर दफन करतात. मी म्हणालो, "निघालोय, थांबा." गायमुखच्या चढावर एक कंटेनर आडवा झालेला. पुढे गाड्या, मागे गाड्या. मी पुन्हा फोन केला, ओरडून सांगितलं की मी येतोय, माझ्याशिवाय उचलू नका. भाई म्हणाला, "बघतो."

धंद्यात मी हा शब्द वापरत नाही. मी हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. "बघतो" म्हणणारा माणूस नाही म्हणायला घाबरत असतो, किंवा आधीच नाही ठरवून बसलेला असतो. मी कब्रस्तानात पोचलो तेव्हा लोक नळावर पाय धूत होते. दफन झालं होतं. कबरीत प्रत्येकाने तीन मुठी माती टाकायची असते. आईच्या कबरीत परक्यांनी माती टाकली, गल्लीतल्या दूधवाल्याने टाकली, आणि पोटच्या मुलाला ती मिळाली नाही. मी फाटकातूनच मागे फिरलो. त्यानंतर भावाशी बोललो नाही. त्याने मला मुद्दाम टाळलं, मोठा मुलगा म्हणून सगळा मान एकट्याला घ्यायचा होता, असं माझं ठाम मत होतं. अम्मासाठी म्हणून तर मी उमऱ्याला निघालो होतो. भाई तिला कधी नेऊ शकला नाही, ते मी करून दाखवणार होतो.

निघायच्या दिवशी घरी दुआ होती. मी खिडकीतून पाहिलं तर भाई खाली पार्किंगमध्ये उभा. वर आला नाही. जमीला, माझी बायको, खाली जाऊन आली.

"काय म्हणाला?"

"काही नाही. सलाम सांगा म्हणाले."

"काही मागितलं नाही?"

"नाही."

"मग नक्की काहीतरी हवं असणार."

जमीलाने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या भावाला पण किंमत लावून बघा एकदा. कोणी घेत असेल तर देऊन टाका." एवढं म्हणून ती बॅगेची चेन लावायला बसली. मी खाली गेलो नाही. चार लोक बघत असताना आला म्हणजे लोकांना दाखवायलाच आला, असं मी स्वतःला सांगितलं.

उमऱ्याला जाताना पुरुष दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या चादरी गुंडाळतात, त्याला एहराम म्हणतात. त्या अवस्थेत अत्तर नाही, नख काढायचं नाही, साधी मुंगीही मारायची नाही आणि भांडण तर मुळीच नाही. टूरच्या मौलानांनी शिकवणीत हे सांगितलं तेव्हा जमीला माझ्या कानाशी म्हणाली होती, "बाकीचं जमेल तुम्हाला. शेवटच्याचं काय करणार?" खरंच, माझ्यासारख्याला ते सगळ्यात जड गेलं. विमानतळावर रांगेत घुसणाऱ्याला बोललो नाही. हॉटेल सांगितल्यापेक्षा लांब निघालं, मधे एक चढ होता, तरी टूरवाल्याला बोललो नाही. जिभेवर आलेलं गिळत होतो आणि ते पोटात साठत होतं. तोंडाने लब्बैक चालू होतं, "हजर आहे, मी हजर आहे", आणि मनात मी माणसांची झाडाझडती घेत होतो.

काबा पहिल्यांदा नजरेला पडतो तेव्हा केलेली दुआ वाया जात नाही, असं मोठी माणसं सांगतात. मौलानांनी आम्हाला माना खाली घालून आत नेलं आणि मग वर बघायला सांगितलं. आजूबाजूची माणसं हमसून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला आधी वाटलं की यातले निम्मे दुसऱ्याला बघून रडताहेत. मग मी हात उचलले. अम्मासाठी जन्नत मागायची ठरवून आलो होतो, ती मागितलीही. पण त्याच्या मागोमाग जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "तो का थांबला नाही ते मला कळू दे." सौदा करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतात तसं मी काब्यावरच्या काळ्या पडद्याकडे बघून बोललो.

तवाफ केला, म्हणजे काब्याभोवतीचे सात फेरे. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधली सई केली. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत एक आई जिथे धावली, तिथेच आपण चालायचं असतं. जमीला त्या वाटेवर खूप रडली. मी बरोबर चालत होतो आणि कोरडाच होतो. शेवटी डोक्यावरून वस्तरा फिरवून घेतला आणि एहराम सुटला. सगळं रीतसर झालं होतं. तरी मला वाटत होतं की माल हातात आलाय, पण आत काही नाही. ज्याची माफी मागितली नाही तो मधे उभा आहे, असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. एहराम आता सुटलाच होता.

दोन-तीन दिवसांनी जमीलाला ताप आला. ती खोलीवर राहिली आणि असरच्या नमाजाला, म्हणजे दुपार कलल्यावर, मी एकटाच गेलो. नमाजाला अवकाश होता. मी बाहेरच्या अंगणात उभा राहून तिला फोनवर विचारत होतो, गोळी घेतलीस का, पेज खाल्लीस का. फोन ठेवला तेवढ्यात एक माणूस जवळ आला. चाळिशीचा, डोक्याला रुमाल, डोळे लाल.

"भाऊ, महाराष्ट्रातले का तुम्ही? मराठी ऐकली म्हणून थांबलो."

माझा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला. पाकीट त्यात होतं. परक्या मुलखात आपली भाषा बोलत जवळ येणाऱ्याला सगळ्यात आधी ओळखून असावं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"काय काम आहे?" मी म्हणालो.

"मी परभणीकडचा. आमच्या गटातल्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या. असरनंतर जनाजा आहे. खांद्याला इथं हजार हात लागतात हो, पण कबरीपर्यंत कोण येणार? आमचा गट मदिन्याला गेला. त्यांचे मालक आणि मी, दोघंच आहोत. तुम्ही येता का?"

मी विचारलं, "आणि तिथे गेल्यावर काय?"

त्याला प्रश्न कळलाच नाही. "तिथं गेल्यावर काय म्हणजे? माती द्यायची आणि यायचं."

काहीतरी मागतील, वर्गणी म्हणतील, कागदावर सही घेतील, असं माझं डोकं चालू होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण माती हा शब्द त्याने उच्चारला आणि माझ्याने नाही म्हणवलं नाही.

मक्केत बहुतेक प्रत्येक फर्ज, म्हणजे रोजच्या सक्तीच्या, नमाजानंतर जनाज्याची नमाज होते. रोज कोणी ना कोणी गेलेलं असतं आणि लाखो अनोळखी माणसं त्याच्यासाठी उभी राहतात. त्या दिवशीही तसंच झालं. मग जनाजे उचलले गेले आणि त्या माणसाने सांगितलं तसंच झालं, खांदा द्यायला एवढी झुंबड की माझी बोटं लाकडाला जेमतेम लागली. बाहेर गाडी उभी होती. गाडीपाशी मात्र खरंच कोणी उरलं नाही. मी गाडीचा नंबर पाठ केला, कोणता रस्ता घेते ते बघत बसलो. समोर ते म्हातारे गृहस्थ होते, त्या बाईंचे मालक. बारीक अंगाचे, गुडघे दुखत असावेत, बसताना दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला. रडत नव्हते. हातात फोन होता आणि तो सारखा वाजत होता.

"उचला ना चाचा," परभणीवाला म्हणाला.

त्यांनी उचलला आणि ऐकत राहिले. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्यांचा मुलगा त्याच देशात दुसऱ्या शहरात कामाला होता. आई गेल्याचं कळताच तो गाडी घेऊन निघाला होता आणि अजून अर्ध्या वाटेत होता. "अब्बा, रुको. मैं आ रहा हूँ. मेरे बगैर मत करो." हे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

म्हाताऱ्यांनी फोन माझ्यापुढे धरला. का माझ्यापुढे, ते मला आजही ठाऊक नाही. परभणीवाला त्यांच्या शेजारी बसला होता, त्याला देता आला असता. म्हणाले, "तुम्ही बोला. माझ्या तोंडातून निघत नाही."

मी फोन घेतला. पलीकडे श्वास ऐकू येत होता आणि गाडीचा आवाज. तो म्हणाला, "चाचा, आप कौन? चाचा, उनको बोलो ना, थोडा रुकें."

गाडी चालवणारा माणूस तिथला. कबर तयार, त्यांची कामाची पद्धत ठरलेली, मागे दुसऱ्या मयती. थांबायला सांगायचं कोणाला, आणि त्याने का ऐकावं? मला हे सगळं समोर दिसत होतं. माझं काम एवढंच होतं की त्या मुलाला सांगायचं, बाबा, थांबता येणार नाही. मी आयुष्यभर लोकांना तोंडावर नाही म्हणत आलोय. कंत्राटदारांना, भाईगिरी करणाऱ्यांना, पोलिसांनासुद्धा. त्या मुलाला माझ्याने म्हणवलं नाही. माझ्या तोंडून शब्द आला तो एकच.

"देखता हूँ," मी म्हणालो. बघतो.

फोन परत दिला. मग मी खिडकीबाहेर बघत बसलो. डोंगर काळे होते, रस्ता सरळ होता, आणि मला कल्याणमधलं आमचं घर दिसत होतं. अम्माला आंघोळ घालून ठेवलेली, घरभर माणसं, मौलाना घड्याळाकडे बघताहेत आणि भाई फोन हातात घेऊन उभा. पलीकडून मी ओरडतोय. मी नेहमी माझ्या बाजूचाच फोन ऐकला होता.

कब्रस्तानात जास्त काही झालं नाही. तिथल्या माणसांनी सराईत हातांनी बाईंना कबरीत ठेवलं. एवढीशी दिसली ती, चादरीत. वर फरशा बसवल्या. मग आम्ही तिघांनी माती दिली. मी उकिडवा बसलो, मूठ भरली. माती कोरडी होती, खडे होते. पहिली मूठ टाकताना अल्लाहचे शब्द म्हणतात की याच मातीतून आम्ही तुम्हाला घडवलं. दुसऱ्या मुठीला म्हणतात की यातच परत नेऊ. तिसऱ्या मुठीला काय म्हणायचं ते मला येत होतं, पण म्हणता आलं नाही. काबा बघून जे आलं नव्हतं ते इथे आलं. मी त्या बाईंचं नावसुद्धा विचारलेलं नव्हतं. परभणीवाल्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळी माझा हात पाकिटाकडे गेला नाही.

तिथे कबरीवर नाव लावत नाहीत. फक्त आकडा असतो. म्हातारे गृहस्थ तो आकडा ओठांतल्या ओठांत घोकत होते. मला म्हणाले, "तुम्हीही ध्यानात ठेवा बरं. माझं डोकं राहत नाही. पोरगा आला की त्याला जागा दाखवावी लागेल. तो विचारणारच, अम्मी कुठंय म्हणून."

मी मान हलवली. आणि तिथे उन्हात उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या कब्रस्तानात कच्च्या कबरी आहेत, नाव नाही, आकडाही नाही. वर्षा-दोन वर्षांत माती बसते आणि ओळखू येत नाही. मी जायचो ते फाटकाशी उभा राहून फातेहा, म्हणजे गेलेल्यासाठीची दुआ, पढून परत यायचो. अम्मा नक्की कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याच्याशी मी बोलत नव्हतो.

कोणी काही मागितलं नाही. गाडीने आम्हाला परत सोडलं. परभणीवाल्याने सलाम केला, म्हाताऱ्यांनी माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले आणि गर्दीत गेले. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना शोधलं. त्यांनी हॉटेलचं नाव सांगितल्यासारखं आठवत होतं, तिथे जाऊन विचारलं, पण तसा गट तिथे नव्हताच असं काउंटरवरचा म्हणाला. मी चुकीचं हॉटेल गाठलं असेन. मी यातून काही सिद्ध करायला बसलेलो नाही. जमीलाला सगळं सांगितलं तेव्हा ती अंथरुणावर उठून बसली आणि म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवशी काय मागितलेलं ते मला नका सांगू. मिळालं एवढं बस."

कल्याणला परतल्यावर हार घेऊन आलेल्या लोकांना भेटलो, जमजमचं पाणी आणि खजूर वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाईच्या दारात गेलो. फोन केला नाही. त्याने दार उघडलं. बनियनवर होता, दाढी पार पांढरी झालेली. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. तोही माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होता. आम्ही एकाच आईचे.

मी म्हणालो, "बोललेलं-चाललेलं माफ कर."

"हे जायच्या आधी म्हणतात," तो म्हणाला.

"मला उशीर झाला."

त्याने दार पूर्ण उघडलं.

"अम्मा कुठे आहे ते दाखव," मी म्हणालो.

त्याने सदरा अडकवला, चप्पल घातली. कब्रस्तानात तो सरळ चालत गेला, एका कडुलिंबाच्या पुढे, भिंतीच्या दिशेने, आणि एका जागी थांबला. बघणाऱ्याला तिथे काहीच नव्हतं, नुसतं गवत. पण त्याने चप्पल काढली तेव्हा मला कळलं की ही जागा त्याने इतक्या वर्षांत अशीच लक्षात ठेवली आहे, पुन्हा पुन्हा येऊन.

"डोकं इकडे," तो म्हणाला. "पाय भिंतीकडे."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्या दिवशी मी—"

"राहू दे," मी म्हणालो.

मला ऐकायचं नव्हतं असं नाही. अजूनही कधीकधी वाटतं की तासभर थांबता आलं असतं. संशयी माणूस एका उमऱ्याने बदलत नाही, परवाच एका कंत्राटदाराशी मी गोडाऊनमध्ये कडाकडा भांडलो. पण तिथे, त्या गवतावर, मी त्याचं कारण मागितलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा समोरचा जे देईल ते न तपासता घेतलं. काब्यासमोर मी उत्तर मागितलं होतं, आणि ज्याने दिलं त्याने शब्दांत दिलं नाही. त्याने माझ्या हातात फोन दिला, माती दिली, एक परकी आई दिली. मला पाहिजे होतं तसं त्याने दिलं असतं तर मी भावाला खोटं पाडून घरी परतलो असतो.

आता दर शुक्रवारी आम्ही दोघे जातो. मी फातेहा पढतो तेव्हा अम्मासोबत त्या बाईंसाठीही हात उचलतो, ज्यांचं नाव मला माहीत नाही. आणि त्यांच्या मुलासाठी. तो त्या दिवशी कधी पोचला, मी फोनवर बोललेल्या त्या शब्दाचा त्याला किती राग आला, मला कळायला मार्ग नाही. त्याच्या रागाबद्दल मी त्याला दोष देणार नाही. फक्त एवढं मागतो की त्याने वडिलांना जागा विचारली असो, आणि लवकर विचारली असो.